पोपचा तहसीलदार

सरांच्या घराच्या तळघरात मी अडीच वर्षं भाड्याने राहिलो. एवढ्या काळात त्यांनी मला तीन लेखी नियुक्तिपत्रं दिली. पहिलं गवत कापण्याच्या यंत्राची देखभाल करण्यासाठी, दुसरं दारासमोरचा बर्फ काढण्यासाठी, आणि तिसरं खुद्द सरांची चौकशी करण्यासाठी. तिन्ही पत्रांचा मायना सारखा होता. अधिकार कोणी दिला, कशापुरता दिला, कोणत्या हद्दीत चालेल आणि कोणत्या तारखेला संपेल. शेवटची ओळ त्यांना सगळ्यात महत्त्वाची वाटायची. "सुरुवातीची तारीख कोणीही घालतो रे बाप्पा," ते म्हणायचे, "शेवटची घालताना हात थरथरतो."

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत सर 'डॉक्टर' होते, आणि यातून बरेच गैरसमज व्हायचे. कोणाच्या तरी घरी वास्तुशांत असली की जेवणानंतर एखादे काका त्यांना हळूच जिन्याशी न्यायचे, पँट वर करायचे आणि गुडघा दाखवायचे. सर वाकून गुडघा नीट बघायचे, एकदा दाबूनही बघायचे, आणि सांगायचे, "मध्ययुगात यावर काही उपाय नव्हता."

त्यांची डॉक्टरेट इतिहासातली होती. विषय असा की तो ऐकल्यावर समोरच्या माणसाला पुढचा प्रश्न सुचत नसे. मध्ययुगात मध्य इटलीचा मोठा मुलूख पोपच्या मालकीचा होता. नुसता धर्माचा अधिकार नव्हे. तिथला राजाच पोप. या मुलखाचे प्रांत पाडलेले होते आणि दर प्रांतावर पोपने नेमलेला एक अधिकारी असे, त्याला रेक्टर म्हणत. हे रेक्टर कसे नेमले जात, काय करत आणि कसे परत जात, यावर सरांनी सहा वर्षं घालवली होती. मग तीस वर्षं शिकागोच्या पश्चिमेला एका कम्युनिटी कॉलेजात शिकवलं. तिथे नर्सिंगची आणि एअर कंडिशनर दुरुस्तीची मुलं इतिहासाचा एक सक्तीचा पेपर उरकायला यायची. "माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही पुढे इतिहास घेतला नाही," सर समाधानाने सांगायचे. "पण आमचा एसी बंद पडला की त्याच दिवशी माणूस येतो."

अमरावतीकडचा मुलगा या विषयाकडे वळला कसा, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. त्यांचे वडील तहसीलदार होते. दर तीन वर्षांनी बदली. सरांनी सात गावांत शाळा केली. शिकायला अमेरिकेत आल्यावर एका ग्रंथालयात त्यांच्या हाती रेक्टरांवरचं एक जाडं पुस्तक लागलं, आणि विसाव्या पानावर त्यांना वडील भेटले. अधिकारी बाहेरगावचा. मुदत थोडी. खजिनदार वेगळा आणि तोही वरूनच नेमलेला, म्हणजे दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवावा. नेमणारा दूर, कधी रोममध्ये तर कधी थेट फ्रान्समध्ये, आणि त्याच्या नावाने इथे हुकूम चालवायचा. "तहसीलदारच," सर म्हणाले. "फक्त झगा घातलेला."

मी तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करत होतो. आमच्याकडेही दर दीड वर्षाने टेक्ससहून नवा रीजनल डायरेक्टर यायचा, भिंतींचे रंग बदलायचा, सगळ्यांना पहिल्या नावाने हाका मारायचा आणि बढती घेऊन जायचा. मी सरांना म्हटलं, तुमची पद्धत काही बंद पडलेली नाही. सरांनी मान हलवली.

"एक गोष्ट बंद पडली. तुमचा डायरेक्टर जाताना काय करतो?"

"केक कापतो."

"आमचा बसायचा."

कित्येक ठिकाणी नियमच होता, सरांनी सांगितलं. मुदत संपली की अधिकाऱ्याने लगेच घोड्यावर टांग मारून निघायचं नाही. ठरावीक दिवस त्याच गावात थांबायचं, आता कुठलाही अधिकार हातात नसताना. त्या दिवसांत ज्याला त्याने छळलं असेल, ज्याचा निकाल चुकीचा दिला असेल, त्याने यावं आणि तक्रार करावी. बाहेरून नेमलेला चौकशी अधिकारी ती ऐकणार. दोषी ठरला तर भरपाई करून मगच सुटका. "जगात इतकी साम्राज्यं झाली," सर म्हणाले, "पण जाताना खाली बसण्याची अक्कल फार थोड्यांना सुचली."

हे सांगताना ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसले होते. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, मागे कणीक मळत होत्या. काकू भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तू ऐकतोस म्हणून सांगतात हो. मी माणसं झोपवायला औषध वापरायची. यांना तेही लागत नाही."

सरांना थाटामाटाचा तिटकारा होता, पण त्या तिटकाऱ्याचा त्यांनी मोठा थाट केला होता. त्यांच्याकडे रबरी शिक्का होता. नियुक्तिपत्रं ते जाड क्रीम रंगाच्या कागदावर छापायचे. साधेपणाच्या नियमांची यादी चार पानांची होती. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "खरंय. पण शिक्का एकच आहे."

आमच्या उपनगरांतल्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक ते झाले, ते त्यांना हौस होती म्हणून नव्हे. वार्षिक सभेत 'कोण तयार आहे?' असं विचारल्यावर ऐंशी माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली आणि एकटे सर समोर बघत राहिले. शाळा रविवारी सकाळी भरायची. शॉमबर्ग, नेपरव्हिल आणि व्हर्नन हिल्स अशा तीन शाखा. शॉमबर्गची शाखा एका चर्चच्या तळमजल्यावर भाड्याने भरायची, आणि याचा सरांना जो आनंद होता तो इतर कोणाला कळण्यासारखा नव्हता.

तीन वर्षांची मुदत त्यांनी आधीच लिहून घेतली आणि पहिल्याच महिन्यात नियम काढले. शाखाप्रमुख त्या उपनगरातला नसावा. त्याची मुदत एक वर्ष. आणि शाखेतल्या कुठल्याही पालकाच्या घरी त्याने जेवू नये.

पहिल्या दोन नियमांवर कोणी काही बोललं नाही. तिसऱ्यावर आग लागली. जेवायला न बोलवायचं तर मराठी माणसाने मराठी माणसाशी परदेशात बोलायचं तरी कशाला, असा एकूण सूर होता. नेपरव्हिलच्या एका घरी सत्यनारायण होता आणि शाखाप्रमुखाला बोलावणं होतं. प्रसाद हे जेवण आहे का, यावर अकरा ईमेल झाल्या. सरांनी निर्णय दिला: हातावर मावेल तेवढा प्रसाद चालेल, वाटी लागली की ते जेवण. पुढे त्या घरच्या यजमानीण बाईंनी शाखाप्रमुखाच्या तळहातावर असा काही शिऱ्याचा डोंगर रचला की त्या गृहस्थाला घरी जाईपर्यंत स्टिअरिंग एका हाताने धरावं लागलं.

पण नियम लागू पडले, हे मान्य करायला हवं. आधी दर शाखा म्हणजे दोन-तीन कुटुंबांची जहागीर झाली होती. नाटुकल्यात शिवाजी कोण होणार हे मुलगा जन्मल्यावरच ठरायचं. बाहेरचा माणूस आल्यावर एका वर्षी शिवाजी एक मुलगी झाली, आणि तिचे आईवडील कोण हे शोधण्यात लोकांचा अर्धा प्रयोग गेला.

शॉमबर्गच्या शाखाप्रमुख मंदामावशी होत्या. चौदा वर्षं. पुण्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, यजमान गेल्यावर लेकीकडे इकडे आल्या. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, आवाज असा की चर्चच्या तळमजल्यावरून वरच्या प्रार्थनेत ऐकू जाई. शाखेत सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. आणि सगळं त्यांच्या शब्दावर चालतं, म्हणूनच पहिलं वर्ष संपताना सरांनी त्यांना हलवलं. व्हर्नन हिल्सचे एक गृहस्थ नेपरव्हिलला दिले होते, त्यांची मुदत संपत आली होती. मंदामावशींना नेपरव्हिलचं पत्र गेलं. क्रीम कागद, शिक्का, शेवटची तारीख.

मावशी म्हणाल्या, "बघते."

पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला, प्रकृतीमुळे जमणार नाही. मग आपली माणसं जे करतात ते झालं. निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, काचेची एक पट्टी, त्यावर इंग्रजीत त्यांचं नाव, आणि बासरीच्या सुरावर चौदा वर्षांचे फोटो. मावशी सगळा वेळ हसत होत्या. सर दोन मिनिटं बोलले. नेपरव्हिलला कुलकर्णी म्हणून एक जण दिले. शॉमबर्गला नेपरव्हिलहून एक तरुण इंजिनिअर आला, त्याने मुलांच्या हजेरीचा तक्ता संगणकावर टाकला, आणि पटावरची मुलं वाढली. सगळ्यांनी म्हटलं, सरांचं बरोबर होतं. मीही म्हटलं.

दोन वर्षांनी सरांची मुदत संपली आणि त्यांनी बसायचं ठरवलं.

तिन्ही शाखांत नोटीस लागली. शॉमबर्गच्या लायब्ररीत काचेच्या भिंतीची एक अभ्यासखोली दहा दिवसांसाठी मिळवली, संध्याकाळी पाच ते सात. 'मुख्याध्यापकपदाच्या काळात ज्यांच्यावर अन्याय झाला असेल त्यांनी यावे.' चौकशी अधिकारी म्हणून मी, कारण मला मूल नव्हतं, बायको नव्हती आणि शाळेशी संबंध नव्हता.

"सर, पण मी तुमच्या घरात राहतो."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "दहा दिवस दुसरीकडे राहा."

आणि मी राहिलो. ऑफिसातल्या एका मित्राच्या सोफ्यावर. आरोपीच्या छपराखाली न्यायाधीशाने झोपू नये म्हणून. काकूंनी डबा पाठवला, तो सरांनी दारातच अडवला. मित्र विचारायचा, "यार, भांडण झालंय का तुमचं?" मी सांगायचो, नाही, त्यांच्यावर खटला आहे. यानंतर तो माझ्याशी जपून बोलायला लागला.

पहिल्या दिवशी सर कोट-टाय घालून आले. समोरचं टेबल त्यांनी मला उचलायला लावलं. टेबल म्हणजे तटबंदी, असं त्यांचं मत. एका साध्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. मी कोपऱ्यात, वही घेऊन. काचेपलीकडून एक आजोबा बराच वेळ बघत होते, मग त्यांनी आत येऊन विचारलं, इथे इन्कम टॅक्सचा फॉर्म भरून देतात का.

तक्रारदार कोणी येईना. आले ते वेगळेच. एक जोडपं ढोकळा घेऊन आलं आणि तो परत घेऊन गेलं. एक गृहस्थ म्हणाले, "सर, यू आर ग्रेट, मला फक्त एवढंच सांगायचं होतं," आणि सर म्हणाले, "ते या खोलीत सांगता येत नाही." एका बाईंना मुलीच्या कॉलेज प्रवेशाबद्दल विचारायचं होतं. तक्रारी नव्हत्या असं नाही. सरांना वगळून काढलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात दोनशेच्या वर संदेश होते. एकाने मला पार्किंगमध्ये ते वाचूनही दाखवले. मी म्हटलं, आत येऊन सही करून सांगा. तो म्हणाला, "छे, छे, एवढं नाही हो. सर चांगले आहेत."

सरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. "तीन वर्षं कारभार केला," सातव्या दिवशी ते म्हणाले, "आणि एकाचंही वाईट केलं नाही? शक्य आहे का रे हे?"

नवव्या दिवशी सव्वासहाला मंदामावशी आल्या. बुटांना चिखल, हातात कापडी पिशवी.

"या मंदाताई. तक्रार?" सर जवळजवळ उठलेच.

"अहो, तक्रार कसली? या बाजूला आले होते, म्हटलं डोकावावं."

"या बाजूला काय काम होतं?"

"लायब्ररी." त्या बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "नेपरव्हिलला कोण आहे आता?"

"कुलकर्णी. त्यांना आणि शॉमबर्गच्या त्या मुलाला आणखी एक वर्ष दिलं. नियम मोडून. दुसरं कोणी मिळेना."

"मुलं किती?"

"चव्वेचाळीस."

"लहान गटाला गाणी कोण घेतं?"

"गाणी सध्या होत नाहीत."

मावशींनी पिशवीचा बंद एकदा बोटाला गुंडाळला आणि सोडवला. सरांनी विचारलं, "तब्येत कशी आहे आता?"

"तब्येतीला काय झालंय?"

मी वहीतून वर बघितलं. सर म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं, प्रकृतीमुळे जमणार नाही."

"काहीतरी लिहायला लागतंच की हो." मग त्या काचेबाहेर बघत म्हणाल्या, "मला गाडी येत नाही, सर."

मी लिहायचं थांबलो.

"शॉमबर्गला मी चालत यायचे. वीस मिनिटं. बर्फ असला तर अर्धा तास. नेपरव्हिल गाडीनं पाऊण तास. जावई रविवारी ड्यूटीवर, लेक पोरांना स्विमिंगला घेऊन जाते. कशी जाणार मी?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? दर रविवारी कोणीतरी मला सोडा म्हणून? चौदा वर्षं तिथं मोठी बाई म्हणून वावरले. आता दारोदार लिफ्ट मागत फिरू?"

"ही तक्रार आहे?" सरांनी विचारलं. आवाज एकदम हळू.

"नाही. हकिगत आहे." त्या उठल्या. "रविवारी सकाळी मी काय करते माहितीये? भाजी निवडते. आमच्या घरात कोणी खात नाही एवढी भाजी मी निवडून ठेवते. बसा तुम्ही. अजून उद्याचा दिवस आहे ना?"

मी सोडतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. काचेतून त्या पार्किंग ओलांडून फुटपाथला लागताना दिसल्या. सर सात वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.

दहा दिवस संपल्यावर मी तळघरात परतलो आणि निकाल लिहिला. चांगला लिहिला, असं मला तेव्हा वाटत होतं. 'नियम योग्य होता. हेतू शुद्ध होता. संबंधित व्यक्तीने आपली अडचण कळवलेली नव्हती. सबब मुख्याध्यापकांकडे दोष जात नाही.' खरं सांगायचं तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोषी लिहायला माझा हात उचलला नाही. दहा दिवस सोफ्यावर झोपल्याने हात स्वतंत्र होत नाही.

सरांनी तो स्वयंपाकघरात उभ्याने वाचला. "'सबब'," ते म्हणाले. "छान शब्द आहे. हा निकाल आहे का निरोपाचं भाषण?"

"सर, तुम्ही निर्दोष सुटलात."

"ते दिसतंय मला."

काकू ओट्याशी होत्या. पाठ आमच्याकडे. त्या म्हणाल्या, "अहो, बदल्या तुमच्या वडिलांच्या झाल्या. सामान सासूबाईंनी बांधलं. सात वेळा. तुमच्या त्या पुस्तकात कुठे आहे का ते?"

सर स्टुलावर नीट बसलेसुद्धा नाहीत, टेकून उभे राहिले, आणि नळ चालू आहे की बंद हे बघत असल्यासारखे सिंककडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून एक क्रीम रंगाचा कागद आत आला. अपील. अपीलकर्ता: स्वतः. मागणी: सुटका रद्द व्हावी. कारणं तीन. चौकशी अधिकाऱ्याने तक्रारदाराला एकही प्रश्न विचारला नाही. आरोपीलाही विचारला नाही. आणि तक्रारदार गप्प राहिली याचा फायदा आरोपीला दिला. वास्तविक ती गप्प का राहिली हाच चौकशीचा विषय होता.

मला राग आला. वर जाऊन म्हटलं, "सर, सुटकेविरुद्ध कोणी अपील करतं का?"

"मला नाही माहीत. कोणी केलेलं वाचनात नाही."

"तुमच्या त्या रेक्टरांपैकी किती दोषी निघाले?"

सर म्हणाले, "मी वाचलेत त्यांत फार थोडे. बहुतेक निकाल तुझ्यासारखेच आहेत. हेतू शुद्ध वगैरे. मी आयुष्यभर ते वाचले आणि समजत राहिलो की माणसं चांगली होती. परवा त्या खोलीत कळलं, लिहिणारे सभ्य होते."

"मग अपील ऐकणार कोण?"

"तूच. दुसरा कोणी मिळत नाहीये."

शनिवारी मी मंदामावशींकडे गेलो. त्यांची नातवंडं सोफ्यावर आयपॅड घेऊन पडली होती. मावशींनी माझी ओळख करून दिल्यावर थोरला म्हणाला, "हाय," आणि परत आत बुडाला. टेबलावर मेथीच्या दोन जुड्या होत्या. मी एकच प्रश्न विचारला. काय झालं तर बरं होईल?

"शॉमबर्ग परत द्या असं नाही म्हणणार," मावशी म्हणाल्या. "तो पोरगा चांगलं करतोय. मी जाऊन बघितलंय खिडकीतून. माझ्यापेक्षा शिस्त आहे. सरांचं त्यात चुकलं नाही."

"मग?"

"नेपरव्हिलची बदली मला आवडली होती रे. चौदा वर्षं तेच आईबाप, तीच भांडणं. पत्र आलं तेव्हा मी गाण्यांची यादीसुद्धा केली." त्या मेथीची पानं खुडत होत्या. "पण हे मी मागणार नाही हं. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

तळघरात, माझ्या पलंगाच्या डोक्याशी, सरांच्या प्रबंधाची बांधलेली प्रत असायची. अडीच वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती. त्या दुपारी उघडली. अधिकारी प्रांतावर पाठवताना त्याच्याबरोबर काय काय असावं, याचं एक प्रकरणच होतं. न्यायाधीश, लेखनिक, शिपाई. आणि घोडे, किती, कोणत्या प्रतीचे, एखादा मेला तर काय करायचं, यावर सरांनी तरुणपणी नऊ पानं लिहिली होती.

वार्षिक सभा चर्चच्या तळमजल्यावर झाली. निकाल सगळ्यांसमोर वाचला पाहिजे, ही सरांची अट. मी उभा राहिलो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अरे यार, कशाला हे आता, सर आहेत ते." मी वाचलं. पहिला निकाल रद्द. अधिकाऱ्याला दूरच्या प्रांतावर पाठवलं, पण तो तिथे पोचणार कसा हे विचारलं नाही. हे विचारणं नेमणाऱ्याचं काम होतं, नेमलेल्याचं नव्हे. खुद्द आरोपीने या विषयावर नऊ पानं लिहिलेली आहेत. त्यामुळे माहीत नव्हतं असं त्याला म्हणता येत नाही. दोषी.

कॉफीच्या मोठ्या भांड्यातून येणारा बुडबुड आवाज सगळ्या सभेला ऐकू आला. सर उभे होते. नऊ पानांचा उल्लेख आला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधानच म्हणेन. आपलं लिखाण अखेर कोणीतरी वाचलं, हेही त्यात असावं.

"शिक्षा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. नेपरव्हिलची मुदत संपते आहे, आणि नव्या मुख्याध्यापकांनी ती शाखा मंदामावशींना द्यायचं कबूल केलं आहे. पूर्ण शालेय वर्ष, दर रविवारी, सरांनी त्यांना गाडीने न्यायचं आणि आणायचं.

"मान्य. शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबायचं?"

"हो."

"वर्गात बसलो तर चालेल?"

हे मी लिहिलेलं नव्हतं. मी मावशींकडे बघितलं. त्या तिसऱ्या रांगेत होत्या, आणि चौदा वर्षांचे फोटो चालले होते तेव्हासारख्या हसत नव्हत्या.

"बघते," त्या म्हणाल्या.

हल्ली सर आणि काकू बर्फ न पडणाऱ्या चँडलर गावात लेकीकडे असतात. फोन केला की सर म्हणतात, हवा उत्तम आहे, पण अधिकाराला वाव नाही. आमच्या शाळेत बसण्याची पद्धत राहिली आहे. जाणारा मुख्याध्यापक लायब्ररीत दहा दिवस बसतो, आणि लोक अजून पार्किंगमध्येच बोलतात. पण गेल्या खेपेला दोघं आत आले आणि सही करून गेले. सरांना हे कळवलं तर त्यांनी दोघांची नावं विचारली नाहीत. तक्रार काय होती तेवढं विचारलं.

शिक्षेच्या पहिल्या रविवारी मी मावशींच्या घरासमोर हजर होतो. निकालाची अंमलबजावणी झाली की नाही हे बघणं चौकशी अधिकाऱ्याचं काम आहे, असं सरांनी आदल्या दिवशी मला सुनावलं होतं. सप्टेंबरची सकाळ होती. सर दहा मिनिटं आधी आले. जुनी टोयोटा धुतलेली, गळ्यात टाय. मावशी बाहेर आल्या. खांद्याला पिशवी, हातात हजेरीचं रजिस्टर. सर खाली उतरले, वळसा घालून गेले आणि मागचं दार उघडून बाजूला उभे राहिले.

मावशींनी दाराकडे बघितलं, मग सरांकडे.

"मागं बसलं की मला मळमळतं," त्या म्हणाल्या, आणि मागचं दार स्वतः लावून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

सर आपल्या जागेवर आले. पट्टा लावला, आरसा बघितला, पुन्हा बघितला. मी वहीत लिहिलं: आठ चाळीस, निघाले. गाडी कोपऱ्यावरच्या थांबण्याच्या पाटीपाशी गेली आणि थांबली, रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असूनही बराच वेळ थांबली. मागच्या काचेतून मला मावशींचा हात दिसला. आधी त्यांनी समोर दाखवलं, मग डावीकडे, मग सरांकडे बोट करून त्या काहीतरी सांगायला लागल्या, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात खाली आला नाही.